बावन्नातून सत्तावीस गेले, उरले पस्तीस

पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पट ४१. गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या सीमेला लागून. काही घरांत कन्नड, बाजारात मराठी आणि शाळेत पुस्तकातली मराठी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी बाईंकडे. बाईंची नोकरी सहा वर्षांची, त्यातली पाच कोकणात गेलेली. बदलीने इथं आल्या तेव्हा त्यांना कन्नडचा एक शब्द येत नव्हता. मी त्या वेळी तालुक्याच्या गटसाधन केंद्रात साधनव्यक्ती होतो. शाळाभेटी, प्रशिक्षणं आणि माहितीचे तक्ते गोळा करणं ही माझी तीन कामं; त्यातलं तिसरं बाकीची दोन खाऊन टाकायचं. मुलांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वर्ष २०२२-२३. तिसरीतली ही १४ मुलं पहिलीत होती तेव्हा कोविडमुळे शाळा वर्षभर बंद होती. दुसरीचंही निम्मं वर्ष तसंच गेलं; ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग सुरू करायला परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. शंभरपर्यंतच्या संख्या, दशक-एकक, पहिली वजाबाकी हे सगळं ज्या दोन वर्षांत हाताखालून जायचं, त्या वर्षांत ही मुलं शेतात, गोठ्यात आणि क्वचित कुणाच्या तरी मोबाइलसमोर होती. हे आम्हाला माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते कळायला सप्टेंबर उजाडला.

अडचण

सेतू अभ्यासानंतरच्या, म्हणजे मागच्या इयत्तेच्या उजळणीनंतरच्या चाचणीत वजाबाकीची दहा उदाहरणं होती, पाच बिनहातच्याची आणि पाच हातच्याची. १४ पैकी ९ मुलांची हातच्याची सगळी चुकली. बाईंनी नोंदवहीत लिहिलं: ‘वजाबाकीत अधिक सरावाची आवश्यकता.’ वर्णनात्मक नोंदींची तयार वाक्यं मिळतात, त्यातलंच हे एक. अशा वाक्याने रकाना भरतो, पण मूल नेमकं कुठं अडलंय ते त्यातून कळत नाही.

पहिला निर्णय: सराव

नोंदीत सराव लिहिला, म्हणून सराव सुरू झाला. रोज वर्गात दहा गणितं, घरी दहा. फळ्यावर रीत मांडायची आणि मुलांनी एका सुरात म्हणायचं: ‘दोनातून सात जात नाहीत, शेजाऱ्याकडून एक उसना घेतला, बारातून सात गेले पाच.’ असे तीन आठवडे. बाई कष्टाळू होत्या. रोजच्या रोज सगळ्या वह्या तपासायच्या.

तीन आठवड्यांनी तशीच चाचणी घेतली. हातच्याच्या उदाहरणांत अडकलेली मुलं नऊवरून आठ झाली. आणि आधी बिनहातच्याची वजाबाकी बरोबर करणारी तीन मुलं आता तीही चुकवू लागली.

मागे वळून पाहताना मला निर्णयाची पहिली जागा इथं दिसते. चाचणीनंतर ‘किती चुकले’ हे मोजलं गेलं, पण ‘काय चुकलं’ हे कुणी पाहिलं नाही. सराव हे औषध आजार न बघता दिलं, आणि काही मुलांनी तीन आठवडे चुकीच्या रीतीचाच कसून सराव केला.

वह्यांची वाटणी

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेच्या वेळी मी तिथं पोचलो. खरं सांगायचं तर मी शौचालयांच्या माहितीचा तक्ता न्यायला गेलो होतो. बाईंनी तक्ता दिला आणि त्यावर वह्यांचा गठ्ठा ठेवला.

‘‘सर, एवढं करूनही हे असं. मुलं कच्ची आहेत की मी?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रशिक्षणात ऐकलेली एक गोष्ट मात्र डोक्यात होती. ब्राउन आणि बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुका तपासल्या. त्यांना दिसलं की बऱ्याच चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मूल एक नियम पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो. आम्ही व्हरांड्यात बसलो, लाल फुल्यांकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि प्रत्येक चुकलेलं उत्तर कसं आलं असेल ते शोधत वह्यांचे ढीग करू लागलो.

पहिला ढीग मोठा होता. ५२ − २७ = ३५. ४३ − १८ = ३५. ६० − २४ = ४४. वरचा अंक असो की खालचा, मोठ्यातून लहान वजा.

दुसरा ढीग लहान, पण विचित्र. ५८ − २३ = २१५. हातच्याची गरज नसताना हातचा घेतलेला: पाचाचे चार झाले, आठाचे अठरा झाले, अठरातून तीन गेले पंधरा, चारातून दोन गेले दोन, आणि ते शेजारी शेजारी लिहिले. आधी बरोबर येणारी ती तीन मुलं याच ढिगात होती. हा आजार सरावानेच दिलेला. तीन आठवड्यांची सगळी उदाहरणं हातच्याची होती, म्हणून मुलांनी निष्कर्ष काढला की हातचा घ्यायचाच असतो.

तिसऱ्या ढिगाचं काही कळेना. ही तोंडी सांगितलेली गणितं होती. ‘बावन्नातून सत्तावीस’ सांगितलं, तर वहीत २५ − ७२. ‘त्रेचाळीसातून अठरा’, तर ३४ − १८. पुढचं सगळं अर्थातच गडबडलेलं.

मग पहिल्या ढिगातल्या ओंकारला बोलावलं. बाई म्हणाल्या, ‘‘हे कसं केलंस, ते मला शिकव बघू.’’

‘‘सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.’’

‘‘पण दोन तर वर आहेत ना?’’

‘‘लहानातून मोठं जात नाही बाई. तुम्हीच सांगितलंय.’’

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी सांगितलं होतंच. आपण सगळेच सांगतो. ओंकारने ते मनापासून ऐकलं होतं आणि काटेकोर पाळलंही होतं.

पोषण आहाराच्या मावशी

तिसऱ्या ढिगाचं कोडं आम्ही नाही सोडवलं. सोमवारी बाईंचा फोन आला. खिचडी वाढण्याआधी पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी ताटल्या मोजत होत्या: ‘इप्पत्तोंदु, इप्पत्तेरडु, इप्पत्तमूरु…’ शेजारी उभी असलेली भाग्यश्री त्यांच्याबरोबर न अडखळता मोजत होती. ही तीच मुलगी, जिच्या नावापुढे बाईंनी ‘संख्याज्ञान नाही’ असं लिहिलं होतं.

‘‘मावशी, याचा अर्थ काय हो?’’

‘‘त्यात काय एवढं बाई? इप्पत्तु म्हंजे वीस, ओंदु म्हंजे एक. वीस आन् एक.’’

कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, मग एकक. लिहितानाही आधी दशक. ऐकलं तसं लिहिलं की बरोबर. मराठीत मात्र सत्तावीस म्हणताना सात आधी येतात, वीस मागून, आणि लिहिताना २ आधी. ज्या मुलाच्या कानावर ‘सत्तावीस’ पुरेसं पडलेलं नाही, ते ऐकू आलं त्याच क्रमाने लिहितं: ७२. त्यातून एकोणतीस. त्यात ‘एक’ ऐकू येतो, ‘तीस’ ऐकू येतो. मूल ३१ लिहिणारच. ‘तिसाला एक उणा’ हे आपण कधी उलगडून सांगतो? कन्नडमध्ये २९ म्हणजे सरळ वीस-नऊ, इप्पत्तोंबत्तु.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वीस संख्यांचं श्रुतलेखन घेतलं. १४ पैकी ६ मुलांनी पाच किंवा जास्त संख्या उलट लिहिल्या. भाग्यश्रीच्या अकरा चुकल्या. मग त्याच वीस संख्या मावशींनी कन्नडमधून सांगितल्या, घरी कन्नड बोलणाऱ्या पाच मुलांना. भाग्यश्रीच्या १९ बरोबर आल्या.

घरी मराठी बोलणारी मुलंही संख्या उलटी लिहीत होती, हेही सांगायला हवं. कन्नडमुळे अडचण तयार झाली नव्हती. फक्त ती कुठं आहे ते आम्हाला दिसलं.

समोर असलेले पर्याय

गुरुजी, बाई आणि मी एका दुपारी बसलो. सराव तसाच चालू ठेवणं सगळ्यात सोपं होतं. कुणी जाब विचारला नसता. दुसरा विचार मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर तासभर बसवण्याचा होता. तो बाईंनीच खोडला: ‘‘मी तेच तसंच शिकवणार असेन, तर ते चारऐवजी पाचला शिकवून काय होणार?’’ तिसरा पर्याय म्हणजे वजाबाकी पूर्ण थांबवायची आणि तीन आठवडे संख्यांकडे परत जायचं. यात अभ्यासक्रम मागे पडणार होता आणि दिवाळीआधीची संकलित (सत्राअखेरची) चाचणी तोंडावर होती.

खरा वाद रंगला तो संख्या वाचायच्या कशा यावर. बाईंचं म्हणणं, आधी ‘वीस सात’ म्हणू, मग ‘सत्तावीस’. गुरुजी उसळले.

‘‘अहो, २०१९ विसरलात? सगळीकडे थट्टा झाली होती.’’

झाली होतीच. त्या वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असं वाचन दिलं आणि गदारोळ उठला. वर्तमानपत्रांतून टीका झाली, विनोद झाले, विषय विधानसभेपर्यंत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी परोपरीने सांगितलं की मुलांना सोपं जावं म्हणून ही जोडीची पद्धत आहे, जुने शब्द काढलेले नाहीत. गंमत अशी की आमच्या या १४ मुलांच्या हातात दुसरीत तेच पुस्तक होतं. पण ते पान शिकवायच्या दिवसांत शाळेला कुलूप होतं.

गुरुजींचा मुद्दा मात्र थट्टेपुरता नव्हता. ‘‘पोरगं दुकानात गेलं आणि दुकानदार म्हणाला सत्तावीस रुपये दे, तर त्याला कळलं पाहिजे. उद्या शाळेतलं गणित वेगळं आणि बाजारातलं वेगळं व्हायला नको.’’ हे आम्हाला पटलं. ठरलं असं की दोन्ही वाचनं कायम जोडीने करायची: ‘वीस आणि सात, सत्तावीस.’ नुसतं ‘वीस सात’ म्हणून थांबायचं नाही. घरी कन्नड बोलणाऱ्यांनी आधी कन्नड शब्दही म्हणायचा. वजाबाकी तीन आठवडे बंद. ‘‘चाचणीचं मी बघतो,’’ असं गुरुजी म्हणाले. या वाक्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. ते म्हणणारा मुख्याध्यापक प्रत्येक शाळेत असतोच असं नाही.

काय केलं

खराट्याच्या काड्या आणि रबर. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं. पहिल्या दिवशी बाई त्याला ‘दशक’ म्हणाल्या; मुलं म्हणाली ‘पेंढी’. ज्वारीच्या कडब्याचा मुलूख, पेंढ्या बांधताना आणि मोजताना मुलांनी रोज पाहिलेल्या. बाईंनी तोच शब्द उचलला आणि ‘दशक’ पुढच्या आठवड्यावर ढकलला. ‘सत्तावीस’ म्हटलं की दोन पेंढ्या आणि सात सुट्या काड्या ठेवायच्या, मग अंक लिहायचे. ‘बहात्तर’ म्हटलं की सात पेंढ्या. २७ आणि ७२ शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक सांगावा लागत नव्हता, समोर पडलेला होता.

चौथ्या आठवड्यात वजाबाकी परत आली, पण उभ्या मांडणीशिवाय. पाच पेंढ्या आणि दोन काड्या ओंकारसमोर ठेवल्या. ‘‘यातल्या सत्तावीस मला दे.’’ त्याने दोन पेंढ्या उचलून दिल्या. मग सात काड्या द्यायच्या तर हातात दोनच. बराच वेळ बसला. बाईंनी नंतर सांगितलं की तो वेळ गप्प बसून काढणं त्यांना सगळ्यात जड गेलं. ‘उसना घे’ हे शब्द जिभेवर आले होते. शेवटी त्याने विचारलं, ‘‘बाई, पेंढी सोडली तर चालंल का?’’

‘उसना’ हा शब्द त्या वर्गातून त्याच दिवशी गेला. तसाही तो फसवाच आहे. उसनं घेतलेलं परत करावं लागतं, आणि इथं तर कुणी परत करत नाही.

‘लहानातून मोठं जात नाही’ हे वाक्यही बाईंनी सोडलं. त्याऐवजी प्रत्येक गणिताआधी एकच प्रश्न ठरवला: सुट्या काड्या पुरतात का? सगळी उदाहरणं मुद्दाम मिसळलेली असायची, काही पेंढी सोडण्याची, काही न सोडण्याची. २१५ उत्तर देणाऱ्या तिघांसाठी हाच उपाय होता. काड्या समोर असताना अठ्ठावन्नातून काही गेल्यावर दोनशे पंधरा उरतील हे त्यांनाच हसू आणणारं होतं.

बाईंनी एक साधी शंभर पानी वही केली. तिला त्या ‘चुकांची वही’ म्हणतात. तारीख, मुलाचं नाव, चुकलेलं उत्तर जसंच्या तसं आणि त्यापुढे मुलाने सांगितलेलं कारण त्याच्याच शब्दांत. रोज दोन-तीन नोंदी, जास्त नाहीत. चौदाही मुलांशी रोज असं बोलणं दोन वर्ग सांभाळताना शक्यच नव्हतं.

निष्पत्ती

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सप्टेंबरच्याच धर्तीची दहा उदाहरणं दिली. हजर मुलं १३. हातच्याची वजाबाकी अजून चुकवणारी तीन. २१५ प्रकारची चूक एकाकडेही नाही. भाग्यश्रीची आठ बरोबर. तोंडी मराठी संख्या लिहिताना तिच्या अजून चार-पाच उलटतात, पण आता ती लिहून झाल्यावर पुटपुटत स्वतःच तपासते आणि खोडते.

चाचणीत हजर नसलेला चौदावा मुलगा दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. त्याचं पुढे येईल.

दिवाळीआधीच्या संकलित चाचणीत मात्र तिसरीचे गणिताचे गुण केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या इतर शाळांपेक्षा कमी आले. एक-दोन घटक शिकवलेच नव्हते, ते साहजिक होतं. केंद्राच्या बैठकीत तक्ता वाचून दाखवला गेला तेव्हा बाई खाली बघत होत्या. गुरुजींनी उठून सांगितलं की हा निर्णय शाळेचा आहे, एकट्या बाईंचा नाही.

चौथीची नऊ मुलं या काळात जवळपास स्वयंअध्ययनावर होती. त्यांचे अपूर्णांक जानेवारीपर्यंत रखडले. एका पालकाने येऊन विचारलं, ‘‘आमची पोरं काय नुसती बसायला येतात का?’’ प्रश्न योग्य होता.

पुन्हा करायचं तर

माझी चूक आधी सांगतो. ऑक्टोबरमध्येच, अजून काही सिद्ध झालेलं नसताना, मी शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, बाईंना हा अनुभव मांडायला लावला. दोन आठवड्यांत तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटावर काड्यांच्या गठ्ठ्यांचे फोटो यायला लागले. रंगीत रबर, रंगीत काड्या, काही ठिकाणी तर भिंतीवर चिकटवलेल्या. त्याचा ‘उपक्रम’ झाला. मुलाला ‘हे कसं केलंस?’ विचारलं का, असं मी तीन-चार शाळांत विचारलं तेव्हा बहुतेकांनी काड्याच दाखवल्या. मी परिषदेत काड्या न्यायलाच नको होत्या. चुकलेल्या उत्तरांचे ते तीन ढीग न्यायला हवे होते आणि शिक्षकांना त्यांच्याच वह्यांची वाटणी करायला बसवायला हवं होतं.

चौथीचं नुकसान टाळता आलं असतं. पेंढ्या बांधणं, जोडीने संख्या वाचणं यात चौथीच्या मुलांनाच घेतलं असतं, तर त्यांनाही उजळणी झाली असती आणि बाईंचा वेळही वाचला असता. द्विशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र बसणं ही नेहमी अडचण म्हणूनच बघितली जाते, आम्हीही तसंच बघितलं. पालकांना आधी बोलावून सांगायलाही हवं होतं. शालेय व्यवस्थापन समितीच्या सभेत दहा मिनिटं पुरली असती.

मावशींबद्दल एक खंत राहिली. त्यांनी दोन-तीन वेळा येऊन संख्या सांगितल्या आणि मग ते मागे पडलं. कन्नड येणारी ती एकमेव मोठी व्यक्ती शाळेच्या आवारात रोज दोन तास असायची, आणि तिच्याकडून आम्ही एवढंच घेतलं.

शिक्षक म्हणून बाईंच्या वाढीचं काय, हे मला परिषदेत एकाने विचारलं होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. बाईंचे तास ऑनलाइन प्रशिक्षणांतून मोजले गेले, प्रमाणपत्रं छापून फाइलला लागली. व्हरांड्यातली ती शनिवारची सकाळ, ओंकारसमोर गप्प बसून काढलेली मिनिटं आणि चुकांची वही यांची नोंद करायला त्या फाइलमध्ये रकानाच नाही.

ऊसतोडीला गेलेला मुलगा मार्चमध्ये परतला. बाईंनी त्याला पहिल्याच दिवशी ५२ − २७ दिलं. त्याने ३५ लिहिलं. एप्रिल अखेरपर्यंत तो दोन अंकी संख्या बरोबर लिहायला लागला, पण वजाबाकीला हात घालण्याइतका वेळ उरला नाही. जूनमध्ये चौथीसाठी नवी वही घेतली तेव्हा बाईंनी पहिल्या पानावर त्याचं नाव लिहिलं आणि काड्यांचा डबा दोन्ही वर्गांच्या मधोमध ठेवला.